गेलेल्या मुक्या जिवासाठी ओफ्रेंडा: मेक्सिकोच्या २७ ऑक्टोबरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा तांबू गेला तेव्हा तो साताऱ्याला आई-बाबांकडे होता आणि मी इथे मेक्सिको सिटीत. बाबांनी त्याला परसात पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि मग मला फोन केला. कुत्रा गेला म्हणून ऑफिसात काय सांगायचं ते सुचेना. तशीच कामावर गेले आणि दिवसभर कुणाशी काही बोलले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी समोरच्या दारातल्या आजींनी त्यांच्या घरच्या ओफ्रेंडावर तांबूसाठी जागा करून दिली. तेव्हापासून दर वर्षी मीही मांडते. फोटो पाहून मैत्रिणी, मावश्या, ओळखीपाळखीचे लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. बहुतेकांचं कुणी ना कुणी गेलेलं असतं, म्हणूनच ते विचारतात.

ओफ्रेंडा म्हणजे काय? ही पूजा असते का?

पूजेपेक्षा पाहुणचार म्हणा. मेक्सिकोत मानतात की गेलेली माणसं वर्षातून एकदा आपल्या घरी येऊन जातात. १ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं येतात, २ नोव्हेंबरला मोठी माणसं. या दिवसांना दिया दे मुएर्तोस म्हणतात, म्हणजे मृतांचा दिवस. लांबून आलेल्याला तहान-भूक लागलेली असणार, म्हणून टेबलावर पाणी, जेवण, दिवे आणि फुलं मांडून ठेवतात. ही मांडणी म्हणजे ओफ्रेंडा. तिच्यापुढे बसून लोक गेलेल्याचं नाव घेतात, त्याच्या आठवणी सांगतात, हसतात, रडतातही. आज्जीला कॉफी कशी लागायची यावरून भावंडांचे वादही होतात. युनेस्कोने २००८ साली हा सण मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवला.

मग २७ ऑक्टोबर कशासाठी?

हल्ली इथे बरीच घरं दिवसांची वाटणी करतात. २७ ऑक्टोबर पाळीव प्राण्यांचा, २८ अपघातात किंवा अवचित गेलेल्यांचा, पुढचे दिवस बुडून गेलेल्यांचे आणि ज्यांना कुणी मागे नाही अशांचे, आणि मग १ व २ नोव्हेंबर. गावागणिक यात फरक पडतो. प्राण्यांसाठीची ओफ्रेंडा २६ च्या संध्याकाळी मांडून पहिला दिवा लावतात. काही जण ती वेगळी मांडतात. काही जण घरच्या मोठ्या ओफ्रेंडावरच आजोबांच्या फोटोशेजारी मांजरीचा फोटो ठेवतात आणि २ नोव्हेंबरपर्यंत तसाच राहू देतात. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते. जो घरात राहिला तो घरच्यांतच बसावा.

ही प्रथा खरंच हजारो वर्षांची आहे का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मृतांना अन्नपाणी ठेवणं जुनं आहे, ओफ्रेंडावर कुत्र्याची छोटी मूर्ती ठेवणंही जुनं आहे. पण '२७ तारीख प्राण्यांची' हा नेम अलीकडचा, गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांतून पसरलेला. चर्चच्या पंचांगात तो नाही आणि जुन्या नोंदींतही नाही.

म्हणून तो खोटा ठरतो का? मला नाही वाटत. मेक्सिको सिटीतली मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूकही २०१६ साली सुरू झाली, तीही एका इंग्रजी चित्रपटात तशी दाखवली म्हणून. आज आजी-आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन ती बघायला उभे असतात. लोकांना एखाद्या गोष्टीची खरोखर गरज असली की ती रुजायला वेळ लागत नाही. मांजर गेल्यावर रडायला जागा हवी होती, ती लोकांनी कॅलेंडरात करून घेतली.

कुत्रा मेलेल्याला नदीपार नेतो, ती गोष्ट काय आहे?

ही मात्र जुनी आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू १५२९ साली मेक्सिकोत आला. पुढची कित्येक दशकं त्याने नाहुआ या तिथल्या मूळ लोकांतल्या जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्यांच्या चालीरीती त्यांच्याच भाषेत लिहून घेतल्या. त्या बारा भागांच्या ग्रंथात तिसऱ्या भागाला जोडलेल्या मजकुरात ही हकीकत येते.

आजारपणाने किंवा म्हातारपणाने मेलेला माणूस मिक्तलानला, म्हणजे खालच्या मृत्युलोकात जायला निघतो. वाट चार वर्षांची. वाटेत एकमेकांवर आदळणारे डोंगर आहेत, पात्यासारखा कापणारा वारा आहे. शेवटी चिकोनाहुआपान नावाची रुंद नदी लागते. तिच्या काठावर त्याचा कुत्रा वाट बघत असतो. कुत्र्याने मालकाला ओळखलं की तो पाण्यात उडी घेतो आणि त्याला पाठीवर घेऊन पैलतीराला नेतो.

पण प्रत्येक कुत्रा नेत नाही. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, मी आत्ताच अंग काळं करून घेतलंय. नेतो तो फक्त पिवळसर-तांबड्या रंगाचा कुत्रा. त्याच्या गळ्यात सुती दोरा सैलसर बांधलेला असतो.

आमचा तांबू नावाप्रमाणेच तांबडा होता, गावठी, एका कानाचं टोक फाटलेला. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पुढचं काही ऐकू आलं नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळी माणूस मेला की वाट दाखवायला कुत्रा हवा म्हणून कुत्र्याला मारून त्याच्यासोबत जाळत. कुत्री पाळून, पोसून खाल्लीही जात. आज गोष्टीतलं प्रेम तेवढं सांगितलं जातं. ज्यांनी कुत्र्याला वाईट वागवलं त्यांना तो काठावरच सोडतो, असंही इथले लोक सांगतात.

मेक्सिकोचा तो बिनकेसांचा कुत्रा हाच का?

हो, असं इथे मानतात. त्याचं नाव शोलोइत्स्क्विंत्ले. इथे सगळे लाडाने शोलो म्हणतात. शोलोत्ल हा कुत्र्याच्या तोंडाचा देव आणि इत्स्क्विंत्ली म्हणजे कुत्रा, त्यावरून हे नाव. हात लावला तर शोलोचं अंग चांगलंच गरम लागतं, कारण मध्ये केस नसतात. थंडीत म्हातारी माणसं दुखऱ्या गुडघ्याशी त्याला घेऊन बसतात. पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाच्या थडग्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गुबगुबीत कुत्रे सापडतात, आणि मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात ते बघायला मिळतात. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार फ्रिदा कालोकडेही शोलो होते. तिच्या १९४९ सालच्या एका चित्रात सगळं विश्व एकमेकांना कवेत घेऊन बसलंय आणि खाली कोपऱ्यात तिचा सेन्योर शोलोत्ल अंग मुडपून झोपलाय. चित्राच्या लांबलचक नावातही तिने त्याचं नाव घातलं आहे.

ओफ्रेंडावर ठेवायला शोलोचीच मूर्ती हवी असं नाही. आपल्या कुंभाराकडचा मातीचा कुत्रा चालेल.

ओफ्रेंडावर काय काय ठेवतात?

आधी टेबल किंवा दोन-तीन पायऱ्यांची मांडणी, वर स्वच्छ कापड. दोन पायऱ्या असल्या तर आकाश आणि पृथ्वी, असं मानतात. मोठ्या घरांत सात पायऱ्याही दिसतात. मग पाणी, प्रवासाने दमलेल्यासाठी. प्राण्याच्या ओफ्रेंडावर ते त्याच्याच भांड्यात ठेवतात. शुद्धीसाठी चिमूटभर मीठ. वाट दिसावी म्हणून मेणबत्त्या. कोपाल नावाचा झाडाचा डिंक मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतात. त्याचा धूर आपल्या धुपासारखाच, पण वासाला थोडा लिंबासारखा. वर पापेल पिकादो, म्हणजे पातळ रंगीत कागदाची नक्षीदार तोरणं. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइश्कोलोत्ला गावचे कारागीर कागदाचे गठ्ठे रचून छिन्नी-हातोडीने ती कापतात. तोरण हललं की आलं कुणीतरी, असं म्हणायची पद्धत आहे.

साखरेची कवटी ठेवतात, तिच्या कपाळावर नाव लिहून घेतात. पान दे मुएर्तो हा गोल, गोडसर पाव, त्याच्यावर कणकेचीच हाडं आणि संत्र्याच्या फुलांचा वास. हल्ली बेकऱ्यांत कुत्र्यांसाठीही बिनसाखरेचा छोटा पाव मिळतो.

आणि फोटो, पट्टा, साखळी, चघळलेला चेंडू, जी गोधडी तो सोडत नसे ती गोधडी. गोधडी धुवू नका. आजींनी मला हे तीनदा बजावलं होतं.

एवढं सगळं जमणार नाही. कमीत कमी काय हवं?

पाणी, एक दिवा, फुलं, फोटो आणि त्याच्या आवडीचं खाणं. बाकीचं नसलं तरी चालतं.

आवडीचं खाणं म्हणजे त्याचं नेहमीचं पाकिटातलं खाणं का?

पहिल्या वर्षी मीही असंच समजले होते. आजींनी विचारलं, "मीहा, त्याला काय आवडायचं?" मीहा म्हणजे माझी लेक, वडीलधाऱ्या बायका इथे कुणालाही असं हाक मारतात. मी म्हटलं, बिस्किटं. त्या म्हणाल्या, "ती तर सगळ्याच कुत्र्यांना आवडतात. त्याला काय आवडायचं?"

मग आठवलं. भाकरी थापायचा आवाज आला की तांबू अंगणातून थेट ओट्याशी यायचा. भुंकायचा नाही, हात लावायचा नाही, नुसता बसून राहायचा. भाकरी टम्म फुगली की आई वरचा पापुद्रा अलगद सोडवायची, फुंकर घालून गार करायची आणि त्याच्यापुढे धरायची. जाड भाग दिला तर तो तोंड फिरवायचा. त्याला पापुद्राच हवा असायचा.

ज्वारीचं पीठ माझ्या घरात नव्हतं. आजींनी तोर्तियासाठी, म्हणजे इथल्या मक्याच्या भाकरीसाठी मळलेला गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांत थापायला लागल्या. थप, थप, थप. साताऱ्याच्या स्वयंपाकघरातलाच आवाज. मला तिथल्या तिथे रडू फुटलं, त्यांनी थापणं थांबवलं नाही. तोर्तिया तव्यावर फुगली, तिचा पातळ पापुद्रा त्यांनी सोडवला आणि माझ्या हातात दिला. तो मी बशीत ठेवला.

तेव्हा मला ओफ्रेंडा समजली. आपण त्या एका जिवाला बोलावत असतो, त्यामुळे गोष्ट त्याचीच लागते. तुमच्या मांजरीला दुधावरची साय नाही तर तुमच्या चहाच्या कपाचा काठ चाटायला आवडत असेल, तर कप ठेवा.

ती केशरी फुलं म्हणजे आपला झेंडूच का?

तोच. इथे त्याला सेंपासुचिल म्हणतात. हा शब्द नाहुआटल भाषेतला, अर्थ 'वीस फूल', म्हणजे खूप पाकळ्यांचं. मेक्सिको हेच या झेंडूचं मूळ घर. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतल्या मिरची, मका, पेरूसारख्या पिकांबरोबर तोही आपल्याकडे पोचला आणि दसऱ्याच्या तोरणात असा जाऊन बसला की तो बाहेरून आलाय हे कुणाच्या मनातही येत नाही. आपण त्याला आफ्रिकन झेंडू म्हणतो, पण आफ्रिकेचा त्याच्या जन्माशी संबंध नाही.

इथे मानतात की गेलेले जीव या फुलाच्या वासाने आणि रंगाने घर ओळखतात. म्हणून पाकळ्या सोडवून दारापासून ओफ्रेंडापर्यंत वाट घालतात. कुत्रा मुळात वासानेच जग ओळखतो, म्हणून ही वाट मला त्याच्यासाठी तर फारच पटते. ऑक्टोबरात मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागाच्या रोपवाटिका आणि पुएब्लाची शेतं केशरी होऊन जातात. झेंडूच्या जोडीला कोंबडा हे गडद लाल, मखमली तुऱ्याचं फूलही असतं, तेही आपल्या ओळखीचं.

दसऱ्याला दारात तोरण लावताना हे मनात येतं, की तेच फूल तिकडे गेलेल्यांना घर दाखवतं.

माझ्याकडे फोटोच नाही. मग?

जुन्या काळी कुणाकडे होते? पट्टा ठेवा, भांडं ठेवा, नाहीतर मुलांकडून चित्र काढून घ्या. काहीच उरलं नसेल तर कागदावर नाव लिहा, ज्या नावाने तुम्ही हाक मारत होता तेच. दवाखान्याच्या कार्डावर 'ब्रूनो' असेल आणि घरात सगळे 'बाळ्या' म्हणत असतील, तर बाळ्या लिहा. रक्षा घरी असेल तर तिची डबी ठेवायलाही हरकत नाही.

फक्त कुत्र्या-मांजरांसाठीच असतं का?

नाही. पोपट, ससे, कासवं, कोंबड्या, गाढवं, सगळ्यांचे फोटो मी पाहिले आहेत. मेक्सिकोच्या खेड्यांत जनावर घरचंच असतं. १७ जानेवारीला सान आंतोनियो आबादच्या दिवशी लोक आपली जिवंत जनावरं रिबिनी बांधून, सजवून चर्चमध्ये आशीर्वादाला आणतात. आपला पोळा पाहिलेल्या माणसाला त्या गर्दीत अजिबात परकं वाटणार नाही.

रंगीबेरंगी अलेब्रिहे आणि इंद्रधनुष्याचा पूल हेही याच प्रथेतले का?

दोन्ही नाहीत. अलेब्रिहे म्हणजे पंख, शिंगं, शेपट्या एकत्र केलेले चमकदार रंगांचे काल्पनिक प्राणी. मेक्सिको सिटीचे कागदलगद्याचे कारागीर पेद्रो लिनारेस यांना १९३६ साली आजारपणात ते स्वप्नात दिसले, आणि बरे झाल्यावर त्यांनी ते घडवायला घेतले. मृतांना वाट दाखवण्याशी त्यांचा संबंध नव्हता, तो सिनेमाने जोडला. गेलेले प्राणी इंद्रधनुष्याच्या पुलापाशी आपली वाट बघतात ही कल्पना इंग्रजी बोलणाऱ्या देशांतली. तिने तुम्हाला धीर येत असेल तर ती जरूर जवळ ठेवा, फक्त मेक्सिकोच्या नावावर नको.

आपण हिंदू. आपल्या घरात हे चालेल का? देवघरात मांडायचं का?

देवघरात नको. देवाची जागा देवाला, हिला वेगळं टेबल किंवा खिडकीचा कट्टा द्या. मेक्सिकन घरांत ओफ्रेंडावर क्रूस आणि ग्वादालूपेच्या मातेची, म्हणजे मेरीची तसबीर असते, कारण बहुतेक घरं कॅथलिक आहेत. तुम्ही ती ठेवायलाच हवी असं नाही.

आपल्या परंपरेत कुत्रा मृत्यूच्या वाटेवर परका नाही. ऋग्वेदात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे त्या वाटेची राखण करतात. महाभारताच्या शेवटी स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजासोबत कुत्राच उरतो, आणि त्याला सोडून धर्मराज आत जात नाही. पितृपक्षात आपण कावळ्याबरोबर गायीचा आणि कुत्र्याचाही घास काढतो. आपल्याकडे पितरांसाठी काढलेला घास कुत्रा खातो, इथे कुत्र्यासाठीच घास काढतात.

आईला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने एवढंच विचारलं, की पापुद्रा गार करून ठेवलास ना?

आपण मेक्सिकन नाही. त्यांची प्रथा अशी उचलणं बरोबर आहे का?

मी आजींना विचारलं होतं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला, मेलेलं कुणी नसेल असं घर कुठे आहे, म्हणाल्या. माझं मत एवढंच, की ती कुठून आली ते सांगा, तिच्याकडे पार्टीची सजावट म्हणून बघू नका, आणि कागदी तोरणं विकत घ्यायची तर शक्यतो तिथल्या कारागिरांची घ्या.

घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर आहे. काय जपायचं?

चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण घातलेलं काहीही त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. बिनसाखरेच्या गोड पदार्थांत झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला घातक. मांजर असेल तर लिलीची फुलं घरात आणूच नका, तिच्या परागांनी आणि फुलदाणीतल्या पाण्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. मेणबत्ती उंच काचेच्या पेल्यात ठेवा, शेपूट लागेल अशी नको. पिंजऱ्यात पक्षी असेल तर कोपाल किंवा धूप त्या खोलीत जाळू नका. आणि जिवंत असलेल्याने ताटलीतलं काही पळवलंच, तर रागावू नका.

लहान मुलांना यात घ्यावं का?

नक्की घ्या. इथली मुलं पाकळ्यांची वाट घालतात, कवटीवर नाव लिहितात आणि सरळ विचारतात, तो कधी येणार? 'तो शेतावर राहायला गेलाय' असलं काही सांगू नका. तो मेला हे सांगा, आणि मग पाण्याचं भांडं मुलाच्या हातात द्या. माझ्या भाच्याला तांबू गेल्याचं दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीत घरी आल्यावर तो रोज फाटकाशी जाऊन उभा राहायचा.

ओफ्रेंडा किती दिवस ठेवायची? नंतर त्या वस्तूंचं काय करायचं?

२७ पुरतीच मांडली असेल तर दुसऱ्या दिवशी आवरता येते. मोठ्या ओफ्रेंडाबरोबर असेल तर २ नोव्हेंबरनंतर. ठेवलेल्या अन्नाला मग चव उरत नाही, वास आणि गोडी येणारे घेऊन जातात, असं मानतात. रात्रभर उघडं राहिलेलं अन्न माणसांनी खाऊ नये. त्याच दिवशी काढलंत आणि चांगलं असलं, तर गल्लीतल्या कुत्र्यांना घाला. आजी तेच करतात. पाणी झाडाला.

पट्टा, गोधडी परत आपल्या जागी. मी तांबूचा पट्टा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते.

झेंडूची फुलं फेकू नका. देठासकट उलटी टांगून वाळू द्या. पूर्ण सुकली की पाकळ्यांच्या मुळाशी काळ्या, बारीक काड्यांसारख्या बिया मिळतील. त्या कागदाच्या पुडीत बांधून वर त्याचं नाव लिहा. पावसाळा सुरू झाला की पेरा. साताऱ्याला बाबा त्या पेरूखाली पेरतात. मागच्या वर्षी तिथली पहिली फुलं दसऱ्याला आली, आणि उरलेली २७ तारखेपर्यंत टिकली.